कर्जत-खालापूरचे पक्षी : पाहणे आणि टिपणे

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्र नसलेले, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले तालुके. पूर्वेला राजमाची, ढाक आणि भीमाशंकरचे कडे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि मधल्या सखल पट्ट्यात उल्हास, पेज व पाताळगंगा या नद्या आणि त्यांच्या काठची भातखाचरे, अशी या भागाची ठेवण आहे. मुंबईची लोकल कर्जतहून पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्थानके घेत खोपोलीला पोचते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. त्यामुळे हा प्रदेश आता धड खेडे नाही आणि पुरते शहरही नाही. नगरपरिषदांची गावे, गृहसंकुले, कारखाने, फार्महाऊस आणि त्यांच्या कुंपणाला लागून रान असा त्याचा आजचा चेहरा आहे. पक्षी पाहायला आणि त्यांची छायाचित्रे काढायला शिकण्यासाठी ही जागा फार सोयीची आहे. पहाटेची लोकल पकडून आलेला माणूस दिवस वर येण्याआधी खाचराच्या बांधावर उभा असतो, आणि त्या बांधावरून पाणपक्षी, माळपक्षी व रानपक्षी असे तिन्ही दिसू शकतात.

भूमी आणि पाणी

पक्ष्यांची विविधता अधिवासांच्या विविधतेवर अवलंबून असते. इथे समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत असलेली खाचरे आहेत आणि तिथून काही किलोमीटरवर आठशे मीटर उंचीचे माथेरानचे सदाहरित रान आहे. दोहोंच्या मधल्या उतारांवर साग, ऐन, पळस यांची पानगळी झाडी आहे. पठारांवर गवत, कड्यांत कपारी आणि गावांभोवती आंबा, चिंच, वड, उंबर अशी जुनी झाडे आहेत. कड्यांच्या कपारींत पाकोळ्या राहतात, तिथूनच ससाणा झेप घेतो. उतारावरच्या झाडीत स्वर्गीय नर्तक, निखार आणि भृंगराज भेटतात. गावाच्या वडावर तांबट, कुटुर्गा आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल येतो. खाचरात बगळे, टिटव्या आणि खंड्या असतात.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. कर्जत तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जमीन उताराची असल्याने दिवाळीनंतर बहुतेक ओढे आटू लागतात. भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्राने १९२२ पासून यात बदल घडवला. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी नळांतून खाली येते, जनित्रे फिरवते आणि पेज नदीला मिळते. याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि उन्हाळी भात पिकतो. खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून असेच पाणी पाताळगंगेत उतरते. आसपासचा मुलूख एप्रिल-मेमध्ये करपून गेलेला असताना या दोन नद्यांच्या काठी पाणकावळे, ढोकऱ्या, धीवर आणि तुतवार दिसतात ते यामुळेच. मोरबे, कलोते-मोकाशी, पाली-भुतवली या धरणांचे जलाशय आणि पळसदरीचा तलाव ही पाणपक्षी पाहण्याची आणखी काही ठिकाणे.

भाताबरोबर फिरणारे वर्ष

या भागात कुठला पक्षी कधी आणि कुठे दिसेल हे पाऊस आणि भातशेती ठरवतात. पावसाआधीच्या उकाड्यात पावशा ओरडू लागतो. त्याच्या आवाजात शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. त्याच सुमारास चातक येतो आणि पहाटे-सांजेला झुडपांतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. माथेरानच्या आणि भिवपुरीच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तूर दिवस उजाडण्यापूर्वी गाऊ लागतो. माणसाने सहज शीळ घालावी तसे त्याचे गाणे असते आणि धबधब्याच्या आवाजातूनही ते दूरवर पोचते.

चिखलणी सुरू झाली की बगळे नांगरामागे किंवा पॉवर टिलरमागे चालू लागतात, कारण उलटलेल्या मातीतून किडे आणि बेडूक वर येतात. हा विणीचा काळ असल्याने एरवी पांढराशुभ्र असणारा गायबगळा डोक्यावर आणि मानेवर नारिंगी होतो आणि मातकट ढोकरीची पाठ तपकिरी-किरमिजी बनते. नवख्या निरीक्षकाला हे वेगळेच पक्षी वाटतात. एकाच पक्ष्याला वर्षभर पाहत राहण्याची गरज का असते, ते इथे कळते.

लावणी आटोपली की पाण्यावर झुकलेल्या शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीची घरटी लटकू लागतात. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी आहे आणि घरटे मादी विणते असा समज त्यातून रूढ झाला आहे. प्रत्यक्षात विणतो तो नर. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी, १९३० मध्ये सुगरणींच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले की नर ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी वापरलेली साधने साधीच होती. रोज त्याच जागी बसणे आणि दिसेल ते लिहून ठेवणे, एवढेच त्यांनी केले.

ऑगस्टच्या अखेरीपासून हिवाळी पाहुणे उतरू लागतात. ओढ्याकाठी शेपूट वरखाली करत चालणारा करडा धोबी त्यांतला पहिल्यांपैकी. दाणा भरत आला की मुनियांचे थवे लोंब्यांवर येतात. कापणी आणि झोडणी झाल्यावर उघड्या शेतांत पांढरे व पिवळे धोबी, तीरचिमण्या आणि गप्पीदास दिसतात. भाताच्या ओलीवर पेरलेला वाल वर येतो तेव्हा त्यावरून भोवत्या कमी उंचीवरून तरंगत जातो. हिमालयातून आणि मध्य आशियातून आलेले हे पक्षी कापलेल्या शेतावर चार-पाच महिने काढतात. ज्या खाचराला शहरी माणूस ‘रिकामी जमीन’ म्हणतो, ते त्यांचे हिवाळ्याचे घर असते. जलाशयांवर याच दिवसांत अडई, हळदी-कुंकू बदक, टिबुकली आणि कमळपक्षी सहज पाहता येतात.

जानेवारीपासून मार्चपर्यंतचा काळ फुलांचा. काटेसावर, पळस आणि पांगारा पाने झाडून फुलतात. त्यांच्या मधासाठी शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, हळद्या असे अनेक पक्षी एकाच झाडावर जमतात. पाने नसल्यामुळे पक्षी आडोशात जात नाहीत. छायाचित्र शिकण्यासाठी वर्षातला हा सर्वांत सोपा काळ आहे. पुढे एप्रिल-मेमध्ये पाणी जिथे उरले आहे तिथेच पक्षी गोळा होतात. याच महिन्यांत डोंगरांवर वणवे लागतात आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातवा, लावा यांसारख्या पक्ष्यांची वीण त्यांत होरपळते.

ओळख पटवण्याची रीत

पक्षी ओळखताना रंगापासून सुरुवात करणे फसवे असते, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर रंग दिसतच नाहीत. आधी आकार पाहावा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, असे माप मनाशी धरावे. मग चोच पाहावी, कारण चोच अन्न सांगते. शिंजिराची बारीक वाकडी चोच मधासाठी, मुनियाची जाड आखूड चोच दाण्यासाठी, खंड्याची लांब सरळ चोच मासा धरण्यासाठी असते. त्यानंतर शेपटीची ठेवण, उडण्याची तऱ्हा आणि बसण्याची जागा. सुतार खोडावर उभा चढतो, वेडा राघू तारेवरून झेपावून पुन्हा तिथेच येतो, कापशी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. या खुणा जुळल्या की रंग शेवटचा दुजोरा देतो.

कान डोळ्यांइतकेच कामाचे असतात. पावसाळी रानात दिसणाऱ्या पक्ष्यांपेक्षा ऐकू येणारे पक्षी अधिक असतात. तांबटाचे संथ ‘टुक-टुक’, कुटुर्ग्याचा एकसुरी घोष, भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज, टिटवीचा कलकलाट हे आवाज आधी शिकून घ्यावेत, म्हणजे उरलेल्या आवाजांतून अनोळखी आवाज वेगळा काढता येतो.

साधन म्हणून आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, म्हणजे ८×४२ मापाची दुर्बीण पुरेशी आहे. तिच्यातून दिसणारा परिसर रुंद असतो, झाडीत हलणारा छोटा पक्षी लवकर सापडतो आणि हातही फारसा थरथरत नाही. सोबत पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक आणि वही असावी. पक्ष्यांची मराठी नावे आणि त्यांची स्थानिक रूपे जाणून घेण्यासाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयोगी आहे. या भागातल्या ठाकूर आणि कातकरी वस्त्यांवरच्या वडीलधाऱ्यांशी बोलणेही तितकेच महत्त्वाचे. कुठल्या उंबरावर कधी फळ धरते आणि कुठल्या ओढ्याला मे महिन्यातही डबके राहते, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असते.

छायाचित्र कसे घ्यावे

रानातला पक्षी लांब, लहान आणि सतत हलणारा असतो. छायाचित्रणातल्या सगळ्या अडचणी या तीन गोष्टींतून येतात. अंतरावर उपाय म्हणजे ३०० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स. ती परवडत नसेल तर मोठा झूम असलेला एकसंध कॅमेराही शिकण्यास चांगला. हालचालीवर उपाय म्हणजे वेगवान शटर. फांदीवर बसलेल्या छोट्या पक्ष्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग आणि उडणाऱ्यासाठी दोन हजारावा भाग किंवा त्याहून कमी, असा अंदाज ठेवावा. शटर इतके वेगवान ठेवायचे तर प्रकाश हवा. तो कमी पडला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. थोडे दाणेदार पण रेखीव चित्र, स्वच्छ पण हललेल्या चित्रापेक्षा नेहमी चांगले.

फोकस डोळ्यावर असावा. पिसे किंचित धूसर असली तरी चालते, पण डोळा धूसर असेल तर पक्षी निर्जीव दिसतो. छायाचित्रकाराने शक्यतो पक्ष्याच्या पातळीवर यावे. टिटवी किंवा धोबी टिपताना बांधाआड बसले की पक्षी आपल्या जगात दिसतो. उभ्याने काढलेल्या चित्रात तो नुसता चिखलावर चिकटवल्यासारखा वाटतो.

प्रकाशाच्या मोजमापात कॅमेरा फसतो, हे खाचरात लवकर लक्षात येते. गडद हिरव्या रोपांत उभा पांढरा बगळा टिपला तर कॅमेरा हिरव्याचा हिशेब करून चित्र उजळतो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या डागात हरवतात. अशा वेळी एक्स्पोजर उणे करावे. उलट, ढगाळ आकाशासमोर तारेवर बसलेला कोतवाल टिपताना ते अधिक करावे, नाहीतर पक्षी काळ्या कागदातून कापल्यासारखा दिसतो. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास हा मऊ, तिरप्या प्रकाशाचा. हिवाळ्यात उल्हासच्या काठी धुके असते; ते विरळ होऊ लागते ती अर्धी घटका सर्वांत मोलाची.

कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून उपकरणे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत. पावसात कॅमेऱ्याला आच्छादन हवे आणि माणसाला सावधपणा. डोंगरावर पाऊस पडला की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. मुसळधार पावसात या उतारांखाली थांबू नये, हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगायला नको.

पक्ष्याजवळ जाण्याचे तंत्र मात्र उपकरणांनी येत नाही. सरळ चालत गेले की पक्षी उडतो. तिरक्या वाटेने, मध्ये-मध्ये थांबत, नजर न रोखता गेले तर तो सवयीने थोडा निर्धास्त होतो. त्याहून उत्तम म्हणजे आपण न जाता त्याला येऊ देणे. पक्षी पुन्हा-पुन्हा कुठल्या फांदीवर बसतो ते आधी दुर्बिणीतून पाहावे, तिथपासून योग्य अंतरावर बसावे आणि वाट पाहावी. पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली, शेपूट झटकू लागला किंवा इशारा देणारा आवाज काढला, तर अंतर कमी पडले असे समजून मागे सरावे.

तिबोटी खंड्या

छायाचित्राचा मोह पक्ष्याला किती महाग पडू शकतो हे तिबोटी खंड्यावरून समजते. पायाला तीनच बोटे असल्याने त्याला हे नाव पडले. लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. पण जांभळा, निळा, नारिंगी, पिवळा असे रंग एकाच अंगावर. रायगडचा जिल्हा पक्षी म्हणूनही तो ओळखला जातो. जूनमध्ये पावसाबरोबर तो कोकणातल्या झाडीत विणीला येतो आणि पावसाळा सरला की दिसेनासा होतो. शेजारच्या पनवेल तालुक्यातले कर्नाळा पक्षी अभयारण्य त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. कर्जत-खालापूरच्या सावलीच्या ओढ्यांवरही त्याला हवी तशी जागा आहे.

ओढ्याकाठच्या उभ्या मातीच्या दरडीत नर-मादी मिळून आडवे बीळ कोरतात. पिलांना छोटे खेकडे, सरडे, बेडूक आणि कोळी भरवतात. दिवसभरात त्यांच्या अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक वेळी बिळात शिरण्याआधी ते एखाद्या ठरावीक काटकीवर क्षणभर टेकतात. हीच सवय त्यांना छायाचित्रकारांच्या तावडीत देते. बीळ सापडल्याची बातमी पसरली की लोक जमतात. आडव्या येणाऱ्या फांद्या तोडल्या जातात, सोयीची काटकी रोवली जाते, अंधाऱ्या झाडीत फ्लॅश चमकतो. माणसे हलत नाहीत तोवर खेकडा चोचीत धरलेला पक्षी दूर बसून राहतो आणि बिळात पिले उपाशी राहतात. वरचा पाला गेल्याने बीळ साप आणि मुंगसाच्या नजरेला उघडे पडते. चित्र सुंदर येते, पण ती वीण वाया गेलेली असू शकते.

भारतीय कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे याचाही समावेश होतो. घरट्यावर गर्दी करणारा माणूस हातात बंदूक नसली तरी शिकारीच्या व्याख्येजवळ उभा असतो. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. विणीच्या काळात घरट्याजवळ बसून छायाचित्र घेऊ नये. घरट्याची जागा कोणालाही सांगू नये. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, कारण नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि पिलांसाठी लागणारी ताकद तो भांडणात घालवतो. खाऊ टाकून, दगड मारून किंवा थवा उडवून चित्र घेऊ नये. रात्री घुबड-रातव्यावर प्रखर विजेरी मारू नये.

नोंद

पाहिलेले लिहिले नाही तर त्याची आठवण उरते, माहिती उरत नाही. तारीख, वेळ, नेमकी जागा, हवामान, पक्ष्याची जात, अंदाजे संख्या आणि तो काय करत होता एवढे लिहिले तरी नोंद पुरी होते. दुर्मीळ पक्षी नसला तरी ती मोलाची असते. करडा धोबी यंदा कोणत्या दिवशी आला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, एका पांगाऱ्यावर किती जाती जमल्या, हे दहा वर्षे लिहिले तर हवामानाचा आणि जमिनीचा बदल त्यातून वाचता येतो. केवळ ओळख पटण्यापुरते काढलेले धूसर चित्र, म्हणजे रेकॉर्ड शॉटसुद्धा, इथे पुरावा म्हणून उपयोगी पडते. ईबर्डसारख्या सार्वजनिक नोंदवहीत अशा याद्या टाकता येतात. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्याच दिवसांत इथे भात कापणीला आलेला असतो आणि पाहुणे पक्षी उतरलेले असतात, म्हणून सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

अधिवास राहिला तर

माथेरान आणि त्याभोवतीचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा प्रदेश ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यात कर्जत आणि खालापूरचा काही भाग येतो. पण इथले बहुतेक पक्षी अशा सीमांच्या बाहेर, खाजगी शेतात, ओढ्याकाठी आणि गावठाणाच्या झाडांवर राहतात. खाचर विकले गेले, भराव पडला, कुंपण आले आणि आत हिरवळ लावली की जागा हिरवीच दिसते. मात्र तिथे बेडूक नसतो, दाणा नसतो, म्हणून बगळा आणि मुनियाही नसतात. घर बांधणाऱ्याने बांधावरचा उंबर ठेवला, वाळलेले खोड लगेच तोडले नाही, ओढ्याच्या दरडीला सिमेंट लावले नाही आणि रात्रीचे दिवे कमी ठेवले, तर मोठा फरक पडतो. वाळक्या खोडात तांबट घर कोरतो. मातीच्या दरडीत तिबोटी खंड्याचे बीळ असते.

पक्षी पाहणाऱ्याने एक ओढा, एक खाचर किंवा एक वड आपला मानावा आणि बारा महिने तिथे जात राहावे. पक्ष्याचे हित आधी आणि छायाचित्र नंतर, एवढा एकच क्रम कधी मोडू नये.